लॉनमोवरचं इंजिन शर्यतीसाठी कसं बांधायचं: ब्रिग्स इंटेक ५०० सीसीची सविस्तर कृती

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या शर्यती १९७३ साली इंग्लंडमध्ये सुरू झाल्या, वेस्ट ससेक्समधल्या विस्बरो ग्रीन या गावी. लाखो पौंड न ओतता मोटरस्पोर्टची मजा घ्यायची, एवढाच हेतू होता. तिथली १२ तासांची शर्यत आजही नावाजलेली आहे, आणि तिच्या विजेत्यांमध्ये स्टर्लिंग मॉस आणि डेरेक बेल अशी कार शर्यतींतली नावाजलेली मंडळी आहेत. अमेरिकेत १९९२ साली वेगळी संघटना उभी राहिली आणि तिथे इंजिनात फेरफार करायची मुभा असलेले वर्गही आले. या दोन ठिकाणच्या वृत्तीत फरक आहे. ब्रिटिश नियमांचा कल इंजिन मूळ ठेवून बाकी गाडी बळकट करण्याकडे आहे, तर अमेरिकेतल्या वरच्या वर्गांत मोवरचं इंजिन आतून पार बदललेलं असतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी आपल्या वर्गाचं नियमपुस्तक वाचा. 'स्टॉक' वर्गात, म्हणजे इंजिन मूळ स्थितीत ठेवायच्या वर्गात, उतरणार असाल तर खाली दिलेल्यातली निम्मी कामं नियमाबाहेर जातील. उरलेली निम्मी, म्हणजे व्हॉल्व्ह बसवणं, फटी जुळवणं, गळती शोधणं, ही मात्र बहुतेक ठिकाणी चालतात, आणि स्टॉक वर्गात शर्यत त्यांच्यावरच ठरते.

उदाहरणासाठी घेतलंय ब्रिग्स अँड स्ट्रॅटनचं इंटेक, ३१ मालिकेतलं एक सिलिंडरचं उभ्या शाफ्टचं ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेलं) इंजिन. जुन्या लॉन ट्रॅक्टरांत ते सहज मिळतं. मॉडेल क्रमांकाचे पहिले दोन आकडे घनइंचातली क्षमता सांगतात, त्यामुळे ३१ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे साधारण ५०० सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३.५६३ इंच (९०.५ मिमी), स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३.०६२ इंच (७७.८ मिमी). सुटे भाग इंचातच विकले जातात, म्हणून मापं थाऊमध्ये (इंचाचा हजारावा भाग) आणि सोबत मिमीमध्ये देतो.

ढकलायच्या मोवरचं छोटं इंजिन या कामी घेऊ नका. त्याचं फ्लायव्हील, म्हणजे फेरे एकसारखे ठेवणारं जड चाक, हलकं असतं आणि फिरतं पातंच त्याचं अर्धं फ्लायव्हील असतं. शर्यतीसाठी पातं काढावंच लागतं, सगळ्या संघटनांचा तो पहिला नियम आहे. पातं काढलं की असं इंजिन सुरू करताना उलटा झटका मारतं आणि चावी (फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्या खाचेत बसणारा छोटा धातूचा तुकडा) कापतं.

आधी हिशेब

कारखान्यातून हे इंजिन ३,६०० आरपीएमच्या आसपास गव्हर्नरने बांधून येतं. त्या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ९.३ मीटर असतो. ६,०००ला तो १५.६ मीटर होतो. वरवर पाहता हा फरक दीडपटीहून थोडाच जास्त आहे. पण कनेक्टिंग रॉडवरची ओढ आणि फ्लायव्हीलमधला ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. (६,००० ÷ ३,६००) चा वर्ग येतो २.७८. म्हणजे ज्या ओतीव ॲल्युमिनियमच्या रॉडने बागेत वीस वर्षं कुरकुर केली नाही, त्याच्यावर आता पावणेतीनपट भार आहे.

बांधणीचा क्रम यावरून ठरतो. बहुतेक जण पहिल्याच दिवशी गव्हर्नर काढतात, कारण त्याला दहा मिनिटं लागतात आणि इंजिन ओरडायला लागल्यावर मजा येते. हा क्रम उलटा आहे. आधी रॉड, मग फ्लायव्हील, मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि हे तिन्ही बदलून झाल्यावरच गव्हर्नरला हात लावायचा. खिसा परवानगी देत नसेल तर गव्हर्नर राहू द्या आणि पुली बदलून वेग मिळवा. त्यात कमीपणा नाही. पुण्या-मुंबईकडच्या ज्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी बाहा या स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेत ब्रिग्सचं १० अश्वशक्तीचं इंजिन वापरलंय, त्यांना हे ठाऊक असेल. तिथे गव्हर्नर उघडायला बंदी असते आणि तरी कोणाची गाडी मागे पडते, कोणाची पुढे जाते.

हत्यारं

टॉर्क रेंच दोन लागतील: एक बारीक, ५ ते ३० न्यूटन-मीटरचा, आणि एक मोठा, १५० पर्यंत जाणारा. फिलर गेज, डायल गेज, बोअर मोजायचं साधन, फ्लायव्हील ओढायचा पुलर, प्लास्टिगेजची पट्टी (चेपली की रुंदीवरून फट सांगणारी), लीक-डाऊन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारा), इंडक्टिव्ह टॅकोमीटर (आरपीएम मोजायला) आणि अंशांच्या खुणा असलेलं डिग्री चक्र हवं. हातोडीने फ्लायव्हील काढणं म्हणजे क्रँकच्या टोकाचे आटे स्वतःच्या हाताने खराब करणं. पुलर महाग नाही.

खोलताना

इंजिन बाहेर काढण्याआधी, चालू स्थितीत असेल तर गरम करून लीक-डाऊन घ्या. पिस्टन वरच्या टोकाला, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर ठेवून हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा हेड गॅस्केट. या मालिकेत सिलिंडर आणि पुशरॉडची खाच यांच्या मधली गॅस्केटची पट्टी अरुंद आहे आणि ती तिथेच फाटते. मग क्रँककेसमध्ये दाब चढतो, ब्रीदरमधून (हा दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) तेल कार्ब्युरेटरकडे जातं आणि निळा धूर निघतो. पुष्कळ लोक रिंगा गेल्या समजून इंजिन भंगारात देतात. तुम्हाला ते स्वस्तात मिळतं.

हेड उतरवल्यावर दोन्ही पुशरॉड आणि रॉकर कुठला कुठे होता हे खूण करून ठेवा. पुशरॉड काचेवर लोळवून बघा. किंचितही वाकलेला असेल तर टाकून द्या आणि तो का वाकला ते शोधा. बहुतेक वेळा इंजिन तापून व्हॉल्व्हची गाइड सरकलेली असते किंवा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असतो. नुसता नवीन पुशरॉड घातला तर तोही पहिल्या सराव फेरीत वाकेल.

बोअरला चुंबक लावून पाहा. चिकटलं तर लोखंडी स्लीव्ह आहे, होन करून नव्या रिंगा बसतील. चिकटलं नाही तर नुसतं ॲल्युमिनियम बोअर आहे. शर्यतीसाठी ते इंजिन घेऊ नये, स्लीव्हवालं दुसरं शोधावं.

तळाचा भाग

संप (क्रँककेसचं तळाचं, तेल साठवणारं झाकण) उघडल्यावर गॅस्केट किती जाड होतं ते मोजून ठेवा. क्रँकचा उभा प्ले, म्हणजे वर-खाली हलायची मोकळीक, त्या जाडीवर ठरतो. पातळ गॅस्केट लावून संप आवळला आणि क्रँक हाताने जड फिरायला लागला, तर तसंच पुढे जायचं नाही.

रॉड बिलेटचा घ्या, म्हणजे ठोकळ्यातून कातलेला, त्याच्याबरोबर येणाऱ्या चांगल्या बोल्टांसकट. मोठ्या टोकाची तेलफट २.५ ते ३ थाऊ, म्हणजे ०.०६ ते ०.०८ मिमी ठेवा. प्लास्टिगेज क्रँकपिनवर ठेवून, टॉर्क देऊन, उघडून पट्टीची रुंदी बघायची. मधे क्रँक फिरवायचा नाही, नाहीतर पट्टी पसरते आणि माप खोटं येतं. बोल्टांचा टॉर्क मूळ ब्रिग्सच्या तक्त्यातून घेऊ नका. रॉड वेगळा, बोल्ट वेगळे, म्हणून रॉडबरोबर आलेल्या कागदावरचाच आकडा धरा. कॅपवरची खूण रॉडवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. रॉड क्रँककेसच्या भिंतीला किंवा कॅमला कुठे घासत नाही ना, हे हाताने दोन पूर्ण फेरे देऊन तपासा. बिलेट रॉडचे खांदे जाड असतात, त्यामुळे कधीकधी केसच्या आतून थोडं कानस मारावं लागतं.

रिंगेची फट बोअरच्या प्रत्येक इंचाला ४ थाऊ या हिशेबाने १४ थाऊ, म्हणजे ०.३६ मिमी ठेवा. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला आणि मग मोजा. तिरकी रिंग मोजली तर काहीच कळत नाही. फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअरवर उभे ओरखडे येतात.

या मालिकेत क्रँकभोवती हादरे कमी करणारं वजन असतं. ते आणि त्याच्या जोडण्या संथ, कायमच्या वेगासाठी बनवलेल्या आहेत. जिथे नियम परवानगी देतात तिथे वेगवान बांधणीत ते काढतात. काढल्यावर हादरे वाढतातच. इंजिनाच्या चारही बोल्टांना लॉकनट लावा आणि प्रत्येक फेरीनंतर पाना फिरवून बघा.

कॅम आणि क्रँकच्या गिअरवरच्या खुणा जुळवून बसवा. कॅमवरचं कॉम्प्रेशन रिलीज, म्हणजे सुरू करताना व्हॉल्व्ह किंचित उचलणारा छोटा भाग, सैल नाही ना ते पाहा. तो तुटला तर सेल्फ मारताना इंजिन अर्ध्यावर अडकतं. टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली) फार जास्त असली तरी हीच तक्रार येते, आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

हेड आणि व्हॉल्व्ह

इथे घालवलेला वेळ सगळ्यात जास्त परत देतो, आणि स्टॉक वर्गात तर हेच करता येतं.

दोन्ही व्हॉल्व्ह सीटवर बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासा. घासल्यावर सीटवर सलग करडी कडी दिसली पाहिजे, कुठेही तुटक नाही. मग व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि पाच मिनिटं थांबा. चेंबरच्या बाजूला ओल दिसली तर पुन्हा घासा. गाइडमध्ये व्हॉल्व्ह आडवा हलतो का ते बोटाने पाहा. जाणवण्याइतका हलत असेल तर गाइड बदलायला मशीन शॉपला द्या.

पोर्ट रुंद करायचा मोह सगळ्यांना होतो. रुंद करू नका, सरळ करा. व्हॉल्व्हच्या खालचा, सीटच्या लगतचा भाग, जिथे ओतकामाची कड पुढे आलेली असते, तेवढी कड काढून वळण गुळगुळीत करायचं. इनटेकला आरशासारखी चमक नको, ऐंशी नंबरच्या एमरी पट्ट्याने आलेला खरखरीतपणा बरा. एक्झॉस्टला चमक चालते, काजळी कमी धरते. कार्ब्युरेटर, इनटेक नळी आणि हेड यांची तोंडं एकमेकांशी जुळतात का, ते गॅस्केटवर ग्रीस लावून ठसा घेऊन बघा. बऱ्याच इंजिनांत गॅस्केटच पोर्टमध्ये डोकावत असतं. तेवढं कापलं तरी फरक पडतो.

हेड किती तासायचं? आधी मोजा. चेंबर वर करून त्यावर भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा ग्रीसने चिकटवा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने तेल भरा. किती मिली गेलं ते चेंबरचं घनफळ. त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या वरची जागा मिळवा. समजा एकूण ६६ मिली आलं, तर (५०० + ६६) ÷ ६६ म्हणजे ८.६ प्रमाण. तासून ६० मिली केलं तर ९.३. हवेने थंड होणाऱ्या, पंपावरच्या पेट्रोलवर धावणाऱ्या इंजिनाला यापुढे नेण्यात अर्थ नाही. डेटोनेशनने, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं आपोआप पेटल्याने, पिस्टनची कड खाल्ली जाते, आणि उघड्या सायलेन्सरच्या आवाजात ती टकटक ऐकूही येत नाही.

तासल्यावर तीन फटी तपासल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. पिस्टन आणि हेड यांत किमान ४० थाऊ (१ मिमी), सोल्डरची तार पिस्टनवर ठेवून, फेरा देऊन, चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांत इनटेकला ८० थाऊ (२ मिमी), एक्झॉस्टला १०० थाऊ (२.५ मिमी), पिस्टनवर मातीचा गोळा थापून बघायचं. आणि कॅम पूर्ण उचललेला असताना स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकायला अजून ६० थाऊ (१.५ मिमी) बाकी हवीत.

ती तिसरी फट विसरली जाते. मूळ स्प्रिंग मऊ असते. वेग वाढला की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, इंजिन वरच्या टप्प्यात अडखळतं, मिसिंग केल्यासारखं वाटतं, आणि माणूस कार्ब्युरेटर खोलतो. कडक स्प्रिंग हा त्यावरचा उपाय, पण गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅमची नाकं आणि रॉकरचे स्टड झिजवते. ५,५००च्या इंजिनाला ७,५००ची स्प्रिंग घालू नये.

हेडच्या बोल्टांना २२० इंच-पौंड, म्हणजे २५ न्यूटन-मीटर टॉर्क. एका दमात नाही: ८, मग १६, मग २५, आणि दर वेळी समोरासमोरचे बोल्ट. गॅस्केट नवीनच. हेडचा पृष्ठभाग काचेवर एमरी ठेवून आठाच्या आकड्यात घासला तर उंच-सखलपणा लगेच दिसतो. पुशरॉडच्या खाचेजवळ एमरी लागतच नसेल, तर गॅस्केट तिथेच का फाटलं याचं उत्तर मिळालं.

टॅपेट थंड इंजिनावर सेट करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच खाली आणायचा, कारण अगदी टोकाला कॉम्प्रेशन रिलीजने व्हॉल्व्ह किंचित उचललेला असू शकतो. इनटेक ३ ते ५ थाऊ (०.०८ ते ०.१३ मिमी), एक्झॉस्ट ५ ते ७ थाऊ (०.१३ ते ०.१८ मिमी). कॅम बदललेला असेल तर कॅमवाल्याने दिलेलं माप धरा.

फ्लायव्हील आणि ठिणगी

उभ्या शाफ्टच्या इंजिनात फ्लायव्हील वरती, आडवं फिरतं, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापासून पोटापर्यंतच्या उंचीवर. ते फुटलं तर तुकडे कुठे जातील हे वेगळं सांगायला नको. ओतीव फ्लायव्हील आणि त्यावरचा प्लास्टिकचा पंखा ३,६००साठी आहे. शर्यतीला बिलेट फ्लायव्हील घ्या. वरचा पत्र्याचा कव्हर ठेवाच. तो सिलिंडरच्या पंखांवर हवा वळवतो, काढला तर इंजिन तापतं. त्यावरून पोलादी पट्टीचं संरक्षण बसवा.

फ्लायव्हीलला धरून ठेवतो तो शाफ्टचा निमुळता भाग. चावीचं काम टायमिंग जुळवायचं, भार घ्यायचं नाही. म्हणून फ्लायव्हील शाफ्टवर थोड्या ग्राइंडिंग पेस्टने हाताने घासून बसवा, दोन्ही बाजू रॉकेलने स्वच्छ पुसा, तेलाचा थेंब राहू देऊ नका, आणि नटाला १०० फूट-पौंड (१३६ न्यूटन-मीटर) टॉर्क द्या. चावी अर्धी कापली गेली असेल तर टायमिंग मागे जातं: इंजिन सुरू होतं, पण जोर नाही, सायलेन्सर लाल होतो, कार्ब्युरेटरमधून थुंकतं. अशा इंजिनाची चावी आधी बघा, बाकी सगळं नंतर.

कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट १० ते १४ थाऊ (०.२५ ते ०.३६ मिमी). एखादं व्हिजिटिंग कार्ड मधे ठेवून चुंबकाला कॉइल ओढू द्या, बोल्ट आवळा, कार्ड काढा.

टायमिंग पुढे आणायला तिरक्या खाचेची चावी मिळते. तीन-चार अंशांनी सुरुवात करा. त्याहून जास्त आणलं तर सेल्फला उलटा झटका बसतो आणि स्टार्टरच्या गिअरचे दात जातात. मापण्याशिवाय अंदाजाने अंश वाढवू नका, क्रँकवर डिग्री चक्र लावून पिस्टनचं वरचं टोक दोन्ही बाजूंनी शोधा.

मॅग्नेटोची बंद करायची तार जमिनीला टेकली की इंजिन बंद होतं. या तारेला चुकूनही १२ व्होल्ट लावू नका, कॉइल क्षणात जळते. दोरीचा किल स्विच बहुतेक संघटनांत सक्तीचा आहे. दोरीचं एक टोक चालकाला, दुसरं स्विचला. चालक पडला की दोरी सुटते, स्विच तार जमिनीला जोडतो. सराव असो वा शर्यत, दर वेळी इंजिन चालू करून दोरी ओढून बघायची.

गव्हर्नर आणि ॲक्सिलरेटर

आता गव्हर्नर. त्याचं प्लास्टिकचं गिअर संपच्या आत असतं. ज्या मॉडेलला तेलपंप आणि फिल्टर आहे तिथे ते काढता येतं. पण काही मॉडेलांत गव्हर्नर आणि तेल उडवणारी चकती हा एकच भाग असतो. तो काढून फेकला तर रॉडला तेल मिळत नाही आणि इंजिन काही मिनिटांत जाम होतं. अशा ठिकाणी चकती ठेवून फक्त वजनं आणि कप काढायचा. गव्हर्नरचा दांडा जिथून केसबाहेर येतो ते भोक आटे पाडून बोल्टने बंद करा, नुसतं सीलंट भरलं तर ते शर्यतीत निघतं.

गव्हर्नर गेला म्हणजे इंजिनाला अडवणारं फक्त तुमचं पाऊल राहिलं. ॲक्सिलरेटरच्या केबलला दोन वेगळ्या स्प्रिंगा लावा, एक पॅडलवर आणि एक थेट बटरफ्लायवर. एक तुटली तरी दुसरी बंद करेल.

पेट्रोल आणि हवा

स्टॉक कार्ब्युरेटर ३,६००पुरतं पेट्रोल देतो. मेन जेट ड्रिलने वाढवायचं तर एकावेळी ०.०५ मिमी, हातात पिन व्हाइस धरून, यंत्रावर नाही. जास्त झालं तर परत येता येत नाही, म्हणून दोन-तीन जेट जवळ ठेवा. कार्ब्युरेटरच्या वाटीखालच्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) १२ व्होल्ट मिळत नसेल तर मेन जेट बंदच राहतं. वायरिंग साधं करताना ही तार काढून टाकणारे खूप असतात, आणि मग दोन दिवस इंजिन सुरू का होत नाही याचा शोध चालतो.

इथेनॉलचा हिशेब वेगळा करा. नुसत्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ लागतं, १० टक्के इथेनॉलला साधारण १४.१, २० टक्क्यांना १३.५च्या आसपास. महाराष्ट्रात पंपावर आता ई-२० मिळतं. त्यावर सराव करणार असाल तर पेट्रोल सुमारे ९ टक्के जास्त लागेल, म्हणजे जेटचा व्यास ४ टक्के मोठा: १.२० मिमी असेल तर १.२५. ब्रिग्सची स्वतःची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे. त्यामुळे रबरी नळ्या आणि डायफ्राम वर्षाला बदला आणि सराव झाला की वाटी रिकामी करा. पांढरी पावडर दिसायला लागली की उशीर झालेला असतो.

लांब सरळ पट्ट्यावर इंजिन शेवटी ढेपाळत असेल तर जेट लहान आहे असं ठरवून टाकू नका. क्रँककेसच्या स्पंदावर चालणारा छोटा पेट्रोल पंप पुरा पडत नसेल आणि वाटी रिकामी होत असेल. सरळ पट्टा संपताच इंजिन बंद करा, गाडी थांबवा, वाटीचा स्क्रू उघडा. वाटी भरलेली असली तर जेट, अर्धी असली तर पंप किंवा नळी.

जेट ठरवायची खरी रीत प्लग बघण्याची. नवा प्लग लावा, सरळ पट्ट्यावर पूर्ण ॲक्सिलरेटरने न्या, तसंच किल करा, न्यूट्रलमध्ये थांबा, प्लग काढा. आयडलिंगवर परत आणून काढलेला प्लग आयडलिंगचं सांगतो, शर्यतीचं नाही. चिनीमातीच्या मुळाशी फिकट तपकिरी कडी हवी. पांढराफटक आणि बारीक चकाकणारे कण दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, तुमच्या पिस्टनचं. त्या दिवशी तिथेच थांबा.

एअर फिल्टर काढू नका. मातीच्या ट्रॅकवर पुढच्या गाडीची धूळ थेट तोंडात येते आणि एका दुपारीत रिंगा घासून जातात. तेल लावलेला फोमचा मोठा फिल्टर घ्या. ब्रीदरची नळी जाड करून वेगळ्या डब्यात सोडा.

एक्झॉस्टला साधारण ३२ ते ३५ मिमी आतल्या व्यासाची नळी पुरते. लांब नळी खालचा जोर देते, पण लांब नळीचं वजन हेडच्या आट्यांवर येतं. एका बाजूने चौकटीला आधार दिलाच पाहिजे, नाहीतर पोर्टचे आटे उपटून निघतात. नळीचं तोंड चालकापासून आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर, मागे.

पहिली सुरुवात

तेल सुमारे १.४ लिटर, शेवटी डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपर्यंत. जास्त भरलं तर ब्रीदरमधून बाहेर येतं. डावीकडेच वळत राहणाऱ्या ट्रॅकवर तेल उजवीकडे सरकतं, त्यामुळे पातळी कमीही नको. पहिली वीस मिनिटं १,८०० ते ३,००० दरम्यान वर-खाली करत चालवा, आयडलिंगवर सोडून चहाला जाऊ नका, रिंगा बसत नाहीत. मग थंड होऊ द्या, तेल बदला, हेडचा टॉर्क आणि टॅपेट पुन्हा तपासा. जुन्या तेलात चुंबक फिरवा. बारीक करडी भुकटी ठीक, चकत्या दिसल्या तर संप पुन्हा उघडा. पुढे प्रत्येक शर्यतीच्या दिवसानंतर तेल बदलायचं.

टॅकोमीटर लावताना एक चूक नेहमी होते. हे चार स्ट्रोकचं इंजिन असलं तरी मॅग्नेटो प्रत्येक फेऱ्याला ठिणगी देतो. यंत्र 'फेऱ्याला एक ठिणगी' या खुणेवर ठेवा. 'दोन फेऱ्यांना एक'वर राहिलं तर ५,००० दाखवत असताना इंजिन २,५००ला असतं, आणि माणूस आपल्या बांधणीला नावं ठेवत बसतो.

पुली

इंजिन जिथे जोर देतं तिथेच सरळ पट्टा संपला पाहिजे, त्यासाठी पुलीचा हिशेब. १८ इंची टायर वजनाखाली दबल्यावर एका फेऱ्यात साधारण १.४० मीटर जातो (जमिनीवर खडूने मोजा). ताशी ७० किमी म्हणजे मिनिटाला १,१६७ मीटर, म्हणजे ॲक्सल ८३३ फेरे. इंजिन ५,५००वर थांबवायचं असेल तर एकूण घट ६.६ हवी. काटकोनी गिअरबॉक्स एकास एक, चेन १२ दातांवरून ४८ वर (४ पट), तर पुलीने १.६५ द्यायला हवं: पुढे ४ इंच, मागे ६.६. छोट्या ट्रॅकवर मागची पुली मोठी करा. सरळ पट्टा संपायच्या बऱ्याच आधी इंजिन ५,५००ला पोचून ओरडत राहिलं तर मागची पुली लहान करा, आणि पट्टा संपेपर्यंत ५,०००लाही पोचत नसेल तर मोठी. पुलीवरचा पट्टा (बेल्ट) ताणणारी स्प्रिंग नवीन घ्या आणि पुलीवर कव्हर ठेवा. घसरणाऱ्या पट्ट्याचा जळका वास आला की इंजिनाला हात लावू नका, आधी पुलीच्या खाचा बघा. त्या आरशासारख्या चकचकीत झालेल्या असतील तर एमरीने खरखरीत करा आणि पट्टा बदला.